हॅमरस्मिथचा चौकाबारा

चेअरिंग क्रॉस म्हणजे लंडनचा अगदी मध्य. त्या नावाचं रेल्वे स्टेशन तिथे आहे, पण चेअरिंग क्रॉस हॉस्पिटल मात्र तिथे नाही. ते तिथून सुमारे सात किलोमीटर पश्चिमेला, हॅमरस्मिथ भागात, फुलहम पॅलेस रोडवर आहे. बेंजामिन गोल्डिंग नावाच्या डॉक्टरांनी १८१८ साली ते सुरू केलं. आपल्याकडे पेशवाई बुडाली आणि बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, तेच हे वर्ष. १९७३ मध्ये इस्पितळ आजच्या जागेवर आलं, नाव तेवढं जुनंच राहिलं. आपल्याकडे नाही का, पन्नास वर्षं शहापुरात काढली तरी काकू ‘कडोलीच्या काकू’च राहतात, तसं.

२०२३ च्या एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत मी या रस्त्याच्या आसपास राहिले. राजवाडा, मेणाचे पुतळे, मोठं घड्याळ यांचं वर्णन आपल्या साप्ताहिकात पूर्वी येऊन गेलं आहे, ते मी पुन्हा करत नाही. मी गेले होते ते मदतीला. माझी मावसबहीण, जिला आम्ही सगळी अक्का म्हणतो, तीस वर्षांपासून तिकडे आहे. भावोजी धारवाडचे. घरात अक्काची मराठी, भावोजींची कन्नड, मुलगा-सुनेची इंग्रजी, आणि अकरा वर्षांच्या नातवाची तिन्हींची भेळ. तो आजीला ‘आजी’ म्हणतो आणि आजोबांना ‘अज्जा’. सीमाभागातल्या घरांना यात नवल वाटायचं कारण नाही.

त्या वर्षी जानेवारीत भावोजींना झटका आला. मराठीत आपण अर्धांगवायू म्हणतो, कन्नडमध्ये पार्श्ववायु, आणि लकवा म्हटलं की दोन्हीकडे कळतं. सकाळी चहाचा कप हातातून निसटला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, शब्द जड झाले. तोंड वाकडं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी दिसलं तरी थांबू नका, असं तिकडे २००९ पासून टीव्हीवर सांगत आले आहेत. सुनेने लगेच फोन फिरवला. गुठळीमुळे झटका आला असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. लंडनमध्ये २०१० मध्ये सगळी व्यवस्था बदलून अशा रुग्णांसाठी आठ खास केंद्रं ठरवली गेली. चेअरिंग क्रॉस त्यातलं एक. जीव वाचला, पायही महिन्या-दोन महिन्यांत काठीच्या आधाराने चालू लागला. राहिला तो उजवा हात. आणि बोलणं.

मी पोचले तेव्हा रोजचा कार्यक्रम ठरलेला होता. सकाळी दहाला भावोजींना घेऊन नदीपर्यंत चालत जायचं. फुलहम पॅलेस रोड तसा रुक्ष. बसगाड्या, औषधांची दुकानं, खाटकाची दुकानं, कबाबचा वास, आणि या सगळ्यावर इस्पितळाची उंच इमारत. पण डावी-उजवीकडच्या कुठल्याही गल्लीत शिरलं की एकाला एक चिकटलेली विटांची घरं लागतात, प्रत्येकाच्या दारात हातभर बाग. पाच-सात मिनिटांत (भावोजींच्या चालीने पंचवीस) थेम्सचा काठ येतो. तिथून हॅमरस्मिथचा झुलता पूल दिसतो. हिरवा रंग, त्यावर सोनेरी नक्षी, एखाद्या जुन्या नाटक कंपनीच्या पडद्यावर शोभेल असा. लंडनची गटारव्यवस्था उभारणाऱ्या जोसेफ बॅझलगेट यांनीच तो बांधला, १८८७ मध्ये. ओतीव लोखंडाला तडे गेल्यामुळे २०१९ च्या एप्रिलमध्ये तो मोटारींना बंद केला. आम्ही होतो तेव्हा पायी जाणाऱ्यांचंच तिथे राज्य होतं. काठी टेकत चालणाऱ्या माणसाला असा पूल म्हणजे पर्वणीच.

खाली नदीत लांबलचक, अरुंद होड्या सरावाला निघालेल्या असत. ऑक्सफर्ड-केंब्रिजची प्रसिद्ध शर्यत याच पुलाखालून जाते. आठ जण वल्ही मारतात आणि एक किरकोळ अंगाचा पोरगा तोंड त्यांच्याकडे करून बसून ओरडत असतो. भावोजी बाकावर बसून त्यांच्याकडे टक लावून बघत. त्यांचा उजवा हात मांडीवर मुठीसारखा मिटलेला.

मेंदूचा एक भाग गेला म्हणजे हात संपला असं नाही, हे घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं. राबता बंद झालेली वाट झुडपांनी बुजते आणि माणसं शेजारून नवी पायवाट पाडतात, तसं मेंदूचंही होतं. अट एकच, त्या वाटेने पुन्हा पुन्हा गेलं पाहिजे. किती वेळा? इथेच सगळं अडतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत एकेक हालचाल रोज काहीशे वेळा करून घेतली जाते, तेव्हा मेंदूत बदल दिसतो. आणि २००९ मध्ये अमेरिकेतल्या कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष बसून मोजलं, तेव्हा एका उपचाराच्या बैठकीत हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ भरल्या. कुठे काहीशे आणि कुठे बत्तीस! ब्रिटनच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा रुग्णाला आठवड्यातून किमान पाच दिवस, दिवसाला किमान तीन तास उपचार मिळावेत असं म्हटलं आहे. पूर्वी हा आकडा ४५ मिनिटांचा होता. पण तीन तास रोज कुठला थेरपिस्ट देणार? आणि कुठला रुग्ण तीन तास नुसती मूठ उघड-मीट करणार? कंटाळा हाही या आजारातला मोठा अडथळा आहे. औषधाच्या चिठ्ठीवर तो लिहिलेला नसतो, एवढंच.

म्हणून खेळ. लंडनच्याच इंपीरियल कॉलेजमधल्या मंडळींनी मुठीत धरायचं एक हलकं, बिनतारी यंत्र तयार केलं. नाव ‘ग्रिपेबल’. ते दाबलं, सोडलं, फिरवलं की समोरच्या टॅबलेटवरचा खेळ चालतो. २०१६ मध्ये त्यांनी लंडनच्या एका स्ट्रोक विभागातल्या, हात दुबळा झालेल्या रुग्णांबरोबर ते पडताळून पाहिलं. नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे बोट फिरवून वगैरे, टॅबलेटवर खेळ खेळू शकणारे जास्तीत जास्त ६७ टक्के निघाले. या मुठीने ९३ टक्के.

मला जास्त आवडलं ते त्यानंतरचं, २०१७ चं काम. मायकेल मेस, एटिएन बर्डे, पॉल बेंटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बलून बडीज’ नावाचा दोघांचा खेळ केला. फुग्यांचा खेळ, दोघांच्या हाती एकेक मूठ, आणि गुण मिळवायचे ते दोघांनी मिळून. एक जण धडधाकट, एक झटक्यातून उठलेला. १६ रुग्ण आणि ३२ निरोगी माणसं त्यात होती. रुग्ण आधी एकटा खेळला, मग जोडीने. जोडीने खेळताना रुग्णाचा खेळ सुधारला. आणि गंमत अशी, की एकटा असताना ज्याचा खेळ जितका वाईट, त्याला जोडीचा फायदा तितका जास्त.

यात खोच आहे. धडधाकट माणसाने सगळं ओढून नेलं तर तो खेळ दोघांचा राहत नाही. ताकदवानाचा आधार दुबळ्याला मिळेल, पण दुबळ्याचं काम त्याच्या हातून काढून घेतलं जाणार नाही, अशी रचना त्या खेळात केलेली होती. मात्र हेही सांगायला हवं, की त्या अभ्यासात मोजली गेली ती खेळातली कामगिरी. त्याने हात कायमचा किती सुधारतो हे नाही. खेळाने लकवा बरा होतो असं कुणी जाहिरातीत सांगू लागलं तर विश्वास ठेवू नका. २०१७ मध्येच ७२ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. हाताच्या बाबतीत पडद्यावरचे असे खेळ नेहमीच्या व्यायामापेक्षा सरस ठरले नाहीत. पण नेहमीच्या व्यायामाच्या जोडीला दिले, म्हणजे एकूण सराव वाढला, तेव्हा उपयोग दिसला. भाजीऐवजी लोणचं नाही, भाजीबरोबर लोणचं.

भावोजींना त्याच जातीची एक मूठ काही दिवसांसाठी वापरायला मिळाली होती. दहा दिवस खेळले. खेळ एकट्याचा होता. पडद्यावर रोजचे गुण येत. जन्मभर हिशेबात काढलेला माणूस, कालचे गुण आणि आजचे गुण यांची वजाबाकी मनात करायचा आणि तोंड पाडून बसायचा. अकराव्या दिवशी मूठ कपाटात गेली.

आणि दुसऱ्या बाजूने अक्का. अक्का म्हणजे सेवेची मूर्ती. पाण्याचा पेला तोंडाशी, शर्टाची बटणं तिने लावायची, चपलेत पायसुद्धा तिने सरकवायचा. फिजिओबाई तिला म्हणायच्या, तुमचे हात जरा पाठीमागे बांधा. अक्काला ते निष्ठुरपणाचं वाटायचं. आपल्याकडच्या किती घरांत हेच चालतं! आजारी माणसाला हलू द्यायचं नाही, हीच आपली माया. तिच्या रागावण्यातही तथ्य होतं. पेला सांडला की पुसायचं कुणी, शर्टाच्या एका बटणापायी अर्धा तास गेला की पुढचं सगळं कोलमडतं. सेवा करणाराही थकलेला असतो, हे थेरपीची पुस्तकं लिहिणारे फारसं लक्षात घेत नाहीत.

चौकाबारा निघाला तो माझ्यामुळे नाही. सुट्टीतल्या एका पावसाळी दुपारी (तिकडे उन्हाळाच पावसाळी असतो) नातवाने विचारलं, तुम्ही लहानपणी फोन नसताना काय करायचात? मी एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर पाच गुणिले पाच घरं आखली, चारी बाजूंच्या मधल्या घरांत आणि केंद्रात फुल्या मारल्या. कवड्या कुठून आणायच्या? आपल्याकडे चिंचोके फोडून केले असते, तिथली चिंच बिया काढलेली. शेवटी पिस्त्याच्या चार टरफलांवर भागवलं. एका बाजूने उघडी, एका बाजूने पाठ, कवडीसारखीच. चारही उताणी पडली की चौका, चारही पालथी पडली की बारा. नावात बारा असले तरी मोजायचे आठ, हे त्या पोराला पटवायला एक तास गेला.

भावोजी खुर्चीतून बघत होते. मी टरफलं फेकायला घेतली, तेव्हा त्यांनी डावा हात आडवा घातला आणि बोलले. झटक्यानंतर इतकं सलग वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. “बिड, ना ओगितीनि.”

मराठी नाही, कन्नड. चाळीस वर्षं अक्काशी मराठीत संसार केलेला माणूस, आणि परत आली ती आईची भाषा. सगळ्यांचं असंच होतं असं नाही. कुणाची आधी एक भाषा परतते, कुणाच्या दोन्ही बरोबर येतात. आपल्यासारख्या दुभाषी घरांना एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. हैदराबादच्या निम्स संस्थेतल्या ६०८ स्ट्रोक रुग्णांचा अभ्यास सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. झटक्यानंतर बुद्धीची कामं, म्हणजे स्मरण, लक्ष, विचार, नीट चालणाऱ्यांचं प्रमाण एकभाषी रुग्णांत १९.६ टक्के होतं, तर एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत ४०.५ टक्के. वाचा जाण्याचं प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखंच. म्हणजे दोन भाषांनी जीभ वाचत नाही, पण डोकं सावरायला मदत होत असावी. सीमेवर भाषेवरून आपण इतकं भांडलो, आणि घराघरांत दोन्ही बोलत राहिल्याचा हा नफा पदरात पडत होता, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही!

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाचला डाव मांडला जाऊ लागला. नियम नातवाने केले, आणि ते इतके चोख होते की इंपीरियल कॉलेजवाल्यांनी ऐकायला हवे होते. पहिला, अज्जाने टरफलं उजव्या हातानेच टाकायची. दुसरा, नातू उजखोरा, म्हणून त्याने डाव्या हाताने. तिसरा, जोड्या: अज्जा आणि नातू एकीकडे, आजी आणि मी दुसरीकडे. जोडीतल्या एकाला चौका किंवा बारा पडला तर जादा डाव दुसऱ्याने टाकायचा. त्यामुळे अज्जाशिवाय नातवाचं चालेना, नातवाशिवाय अज्जाचं. चौथा नियम खास अक्कासाठी: अज्जाच्या टरफलांना किंवा सोंगटीला हात लावला तर एक डाव बाद. पहिल्या आठवड्यात आमच्या जोडीचे डाव त्यापायी किती बुडाले याची गणतीच नाही. अक्काचा हात आपसूक पुढे जायचा.

टरफलं उचलणं जमायला फार वेळ लागला नाही. सोडणं जमेना. लकव्यानंतर बहुधा मूठ मिटते पण उघडत नाही. बोटं ताठ करणारे स्नायू दुबळे आणि मिटणारे आखडलेले. भावोजींनी टरफलं मुठीत धरायची, हात पुठ्ठ्यावर न्यायचा, आणि मग आम्ही सगळी श्वास रोखून त्या मुठीकडे बघायचो. एक टरफल सुटायचं, तीन आतच. नातू म्हणायचा, “अज्जा, हळू. गाडी कुठे चुकतेय?” एकदा सव्वा मिनिट लागलं, त्याने घड्याळ लावून मोजलं. एका डावात भावोजींच्या वाट्याला तीस-चाळीस फेका यायच्या, आणि संध्याकाळी दोन डाव सहज व्हायचे. फिजिओबाईंना हा हिशेब सांगितला तेव्हा त्या टरफलांकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी दोन सुधारणा सांगितल्या. पुठ्ठा जमिनीवर नको, टेबलावर, कोपराला आधार हवा. आणि दुबळ्या बाजूचा दंड धरून कुणी ओढायचं नाही, खांदा दुखावतो. दुखू लागलं की डाव तिथेच मोडायचा, जिंकत असलात तरी.

जिंकणं-हरणं असावं की नसावं, यावर अक्काचं आणि माझं वाजलं. ती म्हणे, त्यांना जिंकू द्यावं. मी म्हणे, त्यांना कळेल. स्लोव्हेनियाच्या लुब्लियानामध्ये २०१७ मध्ये याची तपासणी झाली होती. हात दुबळा झालेल्या रुग्णांना धडधाकट जोडीदारासमोर कधी स्पर्धेचा, कधी सहकाराचा खेळ दिला. स्पर्धेत हात जास्त जोमाने चालला. पण स्पर्धा प्रत्येकालाच मानवते असं नाही. भावोजींना मानवली. त्यांची सोंगटी मारली की ते पुठ्ठ्यावर डावी थाप मारून जी कन्नड शिवी हासडत, ती इथे छापण्यासारखी नाही. उच्चार मात्र स्पष्ट असे.

मेअखेरीस पैज लागली. आठवड्यात जास्त डाव जिंकेल ती जोडी रविवारी कुठे जायचं ते ठरवणार. नातवाच्या मनात फुटबॉलचं मैदान होतं. पण निर्णायक फेक अज्जाची, म्हणून निवडही अज्जाची. त्यांनी एकच शब्द उच्चारला, “बसवण्णा.” थेम्सच्या काठी, लॅम्बेथ पुलाजवळच्या बागेत बसवेश्वरांचा पुतळा आहे. लॅम्बेथचे महापौर राहिलेले, मूळचे कलबुर्गीचे नीरज पाटील यांच्या पुढाकाराने तो झाला, आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. हॅमरस्मिथच्या भुयारी स्टेशनात लिफ्ट आहे, वेस्टमिन्स्टरलाही. तिथून पूल ओलांडून नदीकाठाने जायचं. चाकाची खुर्ची बरोबर नेली होती, तीत नातूच जास्त बसला. भावोजी बागेतल्या बाकावर तासभर बसले. पलीकडे पार्लमेंट, अलीकडे बसवण्णा. त्यांनी काही बोलावं अशी आमची अपेक्षा होती. ते फक्त एवढंच म्हणाले, की चहा हवा. मराठीत म्हणाले!

जूनच्या शेवटी मी निघाले तेव्हा चारपैकी तीन टरफलं पहिल्या प्रयत्नात सुटत होती. शर्टाची खालची दोन बटणं ते स्वतः लावत. लिहिणं नाही, चमचा अर्धवट. चमत्कार कुठलाच नव्हता, आणि झालेल्या सुधारणेत पुठ्ठ्याचा वाटा किती, व्यायामाचा किती, नुसत्या दिवस जाण्याचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सुधारणा तशीही वेगाने होते. मला दिसला तो एवढाच फरक: आधी घरात एक रुग्ण आणि चार सेवेकरी होते, नंतर संध्याकाळी पाच ते सात या वेळात चार खेळाडू असत.

ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी आपल्या फिजिओथेरपिस्टला विचारून सुरुवात करावी. यंत्र नसलं तरी अडत नाही. पत्ते धरता येत नसतील तर लाकडाच्या पट्टीत खाच पाडून त्यात उभे करता येतात. कॅरमची सोंगटी कवडीपेक्षा सोपी. झटका उजव्या मेंदूला असेल तर डाव्या बाजूचं दिसूनही कधीकधी लक्षात येत नाही, तेव्हा पट समोर सरळ ठेवून चालत नाही, कसा ठेवायचा ते विचारून घ्यावं. आणि नातवंडांना बोलवावं. मोठ्यांना दया येते, मुलांना डाव जिंकायचा असतो.

ऑगस्टमध्ये मी खडेबाजारातून आठ कवड्या घेऊन पार्सलने पाठवल्या. दिवाळीला फोन केला तेव्हा नातवाची तक्रार होती, की कवड्या गुळगुळीत आहेत, अज्जाच्या बोटांतून आपोआप घसरतात, ही फसवणूक आहे. त्यामुळे दोघांच्या संमतीने पुन्हा पिस्त्याची टरफलं सुरू झाली होती. मागून अक्काचा आवाज येत होता. तिचा डाव बाद झाला होता.